एका स्टँडवरच्या दोघी

फिना बेमेलमान्स आणि ट्रेस क्वाडफ्लीख या दोघी सत्तावीस वर्षं एकाच स्टँडवरून क्लॅरिनेट वाजवत होत्या, आणि त्या सत्तावीस वर्षांत एकमेकींशी एक शब्दही बोललेल्या नव्हत्या. एल्सराडे गावात याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. चर्चचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे आणि फिना-ट्रेस बोलत नाहीत, या दोन गोष्टी गावातलं पोर चालायला लागायच्या आधी शिकत असे.

गावाचा सेंट सेसिलिया बँड शेहेचाळीस माणसांचा. खाणी बंद पडल्या, शाळेचे दोन वर्ग बंद पडले, खाटकाने दुकान विकलं, पण दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात तालीम होत राहिली. बँडमध्ये खुर्ची बदलायची ती दोनच कारणांनी: कुणी मेलं, किंवा कुणाचं परगावी लग्न झालं. फिना पहिल्या रांगेच्या टोकाला, प्रेक्षकांच्या बाजूच्या खुर्चीवर बसे. एकट्याने वाजवायचे तुकडे तिचे. आतल्या खुर्चीवर ट्रेस. दोघींत सुरावटीचा कागद एक. पान संपत आलं की आतलीने वाजवणं थांबवून ते उलटायचं आणि बाहेरचीने वाजवत राहायचं, ही बँडची जुनी रीत.

त्या रीतीनेच घात केला होता. एकोणसाठ सालच्या प्रांताच्या स्पर्धेत फिना चौतिशीची होती. तिचा तुकडा ऐन रंगात आला असताना ट्रेसने एकाऐवजी दोन पानं उलटली. फिना भलत्याच सुरावटीत शिरली, मागचे चाळीस जण तिच्यामागून फरपटत गेले, आणि पहिलं बक्षीस अर्ध्या गुणाने गेलं. बस परत येईपर्यंत कुणी गाणं म्हटलं नाही. चौकात उतरल्यावर फिना सगळ्यांसमोर म्हणाली, "मुद्दाम केलंस तू. तुला माझी खुर्ची हवी आहे."

ट्रेस म्हणाली, "पानं चिकटली होती. सकाळी त्यांच्यावर धरून रुबार्बची व्लाय कोण खात होतं?"

आता फिनाचं दुकान होतं व्लायचंच. तिच्या सासऱ्यापासूनचं. थाळीएवढ्या, फळं भरून भट्टीत भाजलेल्या त्या गोड व्लाय घेतल्याशिवाय एल्सराडेत बारसं होत नसे की मयताचं जेवण होत नसे. तिच्या व्लायवर आळ म्हणजे तिच्या कुळावर आळ. ती म्हणाली, "माझ्या व्लायचा रस सांडत नाही." हे तिचं ट्रेसशी शेवटचं वाक्य ठरलं.

पुढचं सगळं भांडण पेन्सिलीने झालं. कागद एकच असल्यामुळे ट्रेस समासात लिही, "घाई!" फिना ते खोडून लिही, "झोप झाली का?" कधी "श्वास मध्येच," कधी "बेसूर. कोण ते तुला माहीत आहे." स्टँडच्या पायाला दोऱ्याने खोडरबर बांधलेला होता, तो वर्षाला एक संपायचा. शेजारच्या गावाचा बँड कधी कागद उसने मागायला आला, तर अध्यक्ष मातियू लेमेन्स पहिल्या क्लॅरिनेटचा कागद हळूच काढून घेई. म्हणे, "तो घरगुती आहे."

फिनाला वाजवायला शिकवलं होतं म्हाताऱ्या तूनने. खाणकामगार होता. तोंडात एकही दात नव्हता, आणि फुप्फुसं कोळशाने भरलेली. तरी स्वयंपाकघरात बसून तो फुंकायला लागला की चुलीवरचं पातेलं ढवळायचं राहून जाई. नऊ वर्षांची फिना त्याच्यासमोर उभी राहायची आणि तो म्हणायचा, "पोरी, सूर चावायचा नसतो. ओठांत धरायचा असतो." लढाईच्या दिवसांत तिने क्लॅरिनेट पिठाच्या पोत्यात लपवून ठेवला होता. गाव शत्रूच्या हातून सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढला तेव्हा पहिल्या फुंकरीसरशी सगळा बँड पांढरा झाला. हुब बेमेलमान्सशी तिने लग्न केलं ते तो मोठा ढोल तालात वाजवायचा म्हणून. ती सांगायची, "बाकी कशात तालात नव्हता, पण ते मला नंतर कळलं."

आणि एकसष्टाव्या वर्षी या बाईचे दात गेले. गेले तेही चेरीच्या व्लायमध्ये राहिलेल्या एका बीमुळे. "आमच्या व्लायमध्ये बी नसतेच" असं ती चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आली होती, म्हणून ही गोष्ट तिने नवऱ्याखेरीज कुणाला सांगितली नाही. दंतवैद्याने वरचे पुढचे चार दात काढले आणि कवळी बसवून दिली. दिसायला झकास. पण क्लॅरिनेट वाजवणारा वरचे दात फुंकायच्या टोकावर, माउथपीसवर टेकवतो आणि त्यावर सगळा डोलारा उभा करतो. फिनाचा डोलारा आता हलायला लागला. वरच्या सुरांत कवळी सुटे आणि टक्‌ असा आवाज येई.

पहिल्या तालमीत ट्रेसने समासात लिहिलं, "टकटक?"

फिनाने ते इतकं खोडलं की कागद फाटला.

तालमीनंतर सगळे समोरच्या गुत्त्यात जमायचे. ट्रेस फिनाशी बोलत नसली तरी हुबशी बोलायला तिला बंदी नव्हती. ती गावची केशकर्तन करणारी, तिचा आवाज ड्रायरच्या वरून पोहोचायला सरावलेला. "हुब," ती चार टेबलांपलीकडून म्हणाली, "तुझ्या ढोलाला कुणी झांजा बांधल्यात का रे? माझ्या कानाशी काहीतरी वाजत असतं."

हुबने बिअरच्या फेसात नाक घातलं. फिना मोठ्याने त्याला म्हणाली, "हुब, तिला सांग, कानात केस वाढले की असं होतं. दुसऱ्यांचे कापते, स्वतःचे कधी कापणार?"

"सांगतो," हुब म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे काही सांगितलं नाही. पण त्या रात्रीपासून फिनाला कळून चुकलं की बाईला सगळं समजलं आहे.

संकट आलं ते दुसऱ्याच वाटेने. उन्हाळ्यात बँडला नवा मास्तर मिळाला, गेर स्टासेन, वय एकोणतीस. ऑक्टोबरच्या स्पर्धेसाठी त्याने जी रचना निवडली तिच्यात पहिल्या क्लॅरिनेटला चार ओळींचा तुकडा होता, मागे सगळा बँड जवळजवळ गप्प. तिसऱ्या तालमीला तो काठी खाली ठेवून म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी हा तुकडा दोघी स्वतंत्र वाजवतील. पडद्यामागून. कोण वाजवतंय ते आम्हाला कळणार नाही. जिचा चांगला होईल ती बाहेरच्या खुर्चीवर. दुसरी मागे, दुसऱ्या क्लॅरिनेटमध्ये. पहिल्या रांगेत मला एक तरुण माणूस हवाय."

खुर्चीला पडदा लावायची ही गोष्ट एल्सराडेत कुणी ऐकली नव्हती.

"मास्तर," फिना म्हणाली, "माझी रीडची डबी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे."

"म्हणूनच पडदा लावतोय, फिनाबाई. डबीचं वय दिसायला नको."

मागून ट्रॉम्बोनवाले हसले. ट्रेस हसली नाही. तिने पेन्सिल उचलली, काही लिहिलं नाही, आणि खाली ठेवली.

घरी जाताना फिना हुबला म्हणाली, "ज्या दिवशी मला खाली बसवतील, त्या दिवशी गणवेश धुऊन, इस्त्री करून, क्लॅरिनेटसकट मातियूच्या दारात ठेवीन. मग सेंट सेसिलिया आणि मी, संबंध संपला."

"दुसऱ्या रांगेतही माणसंच बसतात, फिना."

"बसू देत. मी अठ्ठेचाळीस वर्षं बाहेर बसलेय. मला मागून लोकांचे टाळू बघत मरायचं नाही."

हुबला ठाऊक होतं की ही बाई बोलते ते करते. गणवेश ठेवील. आणि मग शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या काचा पुसत बसेल, आणि दोन वर्षांत संपेल.

दुसऱ्या दिवसापासून फिना पिठाच्या कोठारात जाऊन वाजवू लागली. कवळी घट्ट बसवणारी पूड लावून पाहिली, कागदाची घडी घालून पाहिली. वरचा सूर आला की टक्‌. चौथ्या दिवशी रागाच्या भरात तिने कवळी काढून पिठाच्या टोपलीत फेकली आणि नुसतीच उभी राहिली. तोंड पुढून बोळकं झालं होतं. आणि तिला तून आठवला. त्याचंही तोंड असंच होतं. तो वरचा ओठ हिरडीवर दुमडून घ्यायचा आणि त्या ओठावर माउथपीस धरायचा. सूर चावायचा नसतो.

तिने ओठ दुमडला आणि फुंकलं. पहिला आवाज निघाला तो अडकलेल्या बोक्यासारखा. पण संध्याकाळपर्यंत एक सूर असा आला की तिच्या अंगावर काटा उभा राहिला. गोल, गडद, चुलीजवळचा. तूनचा. ती हातात क्लॅरिनेट धरून पोत्यावर बसली आणि चक्क रडली. मग नाक पुसून पुन्हा सुरू केलं.

अडचण एकच होती. कोवळा ओठ दोन ओळींपुढे टिकेना. तिसऱ्या ओळीत फुटायचा, रक्त यायचं. तुकडा चार ओळींचा होता, आणि दिवस उरले होते तीन.

शुक्रवार आला. सभागृहाच्या रंगमंचावर नाटक मंडळाचा जुना हिरवा पडदा होता, कडेला दोरी. पडद्यासमोर तीन खुर्च्या: मास्तर, मातियू आणि ट्यूबा वाजवणारा म्हातारा झेफ. मागे सगळा बँड दाटीवाटीने बसला होता, कारण अशी मजा चुकवणार कोण? मातियूने टोपीत दोन चिठ्ठ्या घालून त्या दोघींपुढे धरल्या. ट्रेसला एक नंबर आला, फिनाला दोन.

"पडद्यामागे बोलायचं नाही," मातियूने बजावलं. "खोकायचंसुद्धा नाही."

"सत्तावीस वर्षं कोण बोललंय?" हुब मागून म्हणाला, आणि हशा पिकला.

पडदा पडला. आत दोघीच. एका बाजूला नाटकातली लाकडी शेकोटी, दुसऱ्या बाजूला मोडकी खुर्ची. फिनाने बाहीतून रुमाल काढला, पाठ फिरवली, कवळी काढून रुमालात बांधली आणि वळली. लपवून उपयोग नव्हता.

ट्रेस तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुटपुटली. सत्तावीस वर्षांतलं पहिलं वाक्य.

"गुहेसारखी दिसतेस."

"तू दात असून तशीच दिसतेस," फिना बोळक्या तोंडाने म्हणाली.

"अशी वाजवणार आहेस?"

"तू आपलं वाजव. आणि घाई करू नकोस, तुला सवय आहे."

"एक नंबर!" बाहेरून मातियू ओरडला.

ट्रेसने वाजवलं. स्वच्छ, नेटकं, एक डाग नाही. शाळेतल्या हुशार मुलीच्या वहीसारखं. संपवून ती बाजूला झाली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"दोन नंबर!"

फिनाने ओठ दुमडला. पहिल्या सुरालाच पडद्यापलीकडे खुर्च्या करकरल्या. लोक पुढे सरसावले होते. पहिली ओळ. दुसरी ओळ. झेफ म्हाताऱ्याने नंतर सांगितलं की त्याला वाटलं, तूनच परत आलाय. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर ओठ फुटला. फिनाला रक्ताची चव लागली, कडेने हवा फुसफुसली. तिने रेटलं. आणखी तीन सूर निघाले. मग काहीच निघेना.

एका श्वासाएवढी पोकळी पडली. आणि त्या पोकळीत तिच्या खांद्यामागून तोच सूर उचलला गेला. अगदी तसाच, तितकाच जड, तिथेच श्वास घेऊन. सत्तावीस वर्षं एका हाताच्या अंतरावर बसलेल्या बाईला फिना कुठे श्वास घेते ते तिच्या नवऱ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ट्रेस डोळे पडद्यावर खिळवून फिनाचा तुकडा वाजवत होती. तिसरी ओळ संपली, चौथी सुरू झाली.

फिना तिथे उभी राहून स्वतःला ऐकत होती. तिला सगळं दिसलं. दोन नंबर जिंकणार. खुर्ची राहणार. आणि यापुढे प्रत्येक शुक्रवारी ती ज्या खुर्चीवर बसेल ती ट्रेसच्या श्वासावर उभी असेल, आणि ट्रेस ते कधी बोलणार नाही, समासात लिहिणारही नाही. नुसती शेजारी बसेल. यापेक्षा दुसरी रांग बरी. यापेक्षा काचा पुसणं बरं.

ती चार पावलं चालली आणि पडद्याची दोरी खेचली.

पडदा वर गेला तेव्हा ट्रेसचे गाल फुगलेले होते आणि शेवटचे सूर अजून क्लॅरिनेटमध्ये होते. शेजारी फिना, हनुवटीवर रक्त, वरचं तोंड रिकामं. सबंध बँडसमोर.

"फिना! तुझे दात!" मातियू उठून उभा राहिला.

"रुमालात आहेत," फिना म्हणाली. सगळे शब्द फुसफुसत होते, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले. "हे शेवटचं मी वाजवत नाहीये. हिनं वाजवलंय. तिसऱ्या ओळीपासून हिचं आहे. मला फुकटची खुर्ची नको."

ट्रेसने क्लॅरिनेट खाली घेतला. ती संतापाने लाल झाली होती. "मूर्ख बाई! सगळं जमलं होतं!"

"तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"मग काय करायचं होतं? दात नसलेल्या म्हातारीला हरवून मी गावात कोणतं तोंड दाखवू? सत्तावीस वर्षं मी तुझ्याशी भांडतेय ती काय असं जिंकायला?"

"माझ्यावर उपकार करायचे होते तुला!"

"तुझ्यावर? शी!"

मागे पर्कशनवाल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. हुबने मान खाली घातली होती. तो हसत होता की रडत होता, हे शेजारच्यालाही कळेना.

गेर मास्तर खुर्चीवरून उठला. मग म्हणाला, "दोन नंबरच्या पहिल्या दोन ओळी या वर्षात मी ऐकलेल्या सगळ्यात चांगल्या. पण तुकडा चार ओळींचा आहे, फिनाबाई."

"मला मोजता येतं."

"मग तुकडा ट्रेसबाईंचा. बाहेरची खुर्चीही."

"ठीक," फिना म्हणाली. तिने रुमाल उघडला, कवळी बसवली, आणि मग ताठ मानेने म्हणाली, "मातियू, गणवेश सोमवारी आणून देते."

"कुठे निघाली?" ट्रेस ओरडली. ती फिनाला नाही, मास्तरला विचारत होती. "मास्तर, मला पान उलटायला कोण देताय?"

"मागची ती मार्लीस आहे ना..."

"मार्लीस? ती पान उलटते ते चादर झटकावी तसं! मी काय एकोणसाठ साल पुन्हा बघू? सत्तावीस वर्षं मी हिची पानं उलटली. आता हिनं माझी उलटू दे. आतल्या खुर्चीवर ही बसेल, नाहीतर तुमचा तुकडा तुम्हीच वाजवा."

मास्तरने मातियूकडे पाहिलं. मातियूने छताकडे पाहिलं. फिना दोरी धरून उभी होती. एवढा अपमान तिचा आयुष्यात कुणी केला नव्हता. पानं उलटायची, त्या बाईची. आणि तरी पहिल्या रांगेत, स्टँडच्या त्याच पायाशी, दोन ओळी वाजवाव्या आणि ओठ सुटला की थांबावं, पुन्हा वाजवावं, हे तिला आतून दिसायला लागलं होतं. गणवेशाचा विचार केला तर तो इस्त्रीला टाकायची तिची इच्छाच होईना.

"मी पान वेळेवर उलटते," ती शेवटी म्हणाली. "कुणासारखी दोन-दोन नाही."

ऑक्टोबरातला रविवार, दुपारची वेळ. स्पर्धेच्या सभागृहामागच्या खोलीत एल्सराडेचा बँड निळ्या गणवेशात दाटला होता. फिनाने परंपरेप्रमाणे सगळ्यांसाठी आठ व्लाय आणल्या होत्या. ट्रेसने रुबार्बचा एक मोठा तुकडा घेतला, खुर्चीवर बसली, मांडीवर कागद घेतला आणि त्याच्यावर धरून सावकाश खाऊ लागली. एक घास. दुसरा घास. रुबार्बचा लालसर रस कडेला आला.

फिनाने झडप घालून कागद ओढला. "खाताना पान लांब ठेव! चिकटतात ती!"

ट्रेसने घास गिळला. तोंड पुसलं. "म्हणजे चिकटतात."

"मी असं म्हटलं नाही."

"आत्ता म्हटलंस. हुब, ऐकलंस ना रे?"

"मी ढोलाचा पट्टा बांधतोय," हुब म्हणाला.

रंगमंचावर दिवे आले. बँड हळूहळू गप्प होत गेला आणि ट्रेसचा तुकडा सुरू झाला. फिनाचा ओठ आता दोन महिन्यांत जाड झाला होता, पण हा तुकडा तिचा नव्हता. तिने क्लॅरिनेट मांडीवर आडवा ठेवला. दुसरी ओळ पानाच्या तळाशी संपत होती. रात्री तीनदा तिने या पानांमध्ये फुंकर घालून ती सुटी केली होती. बोट ओलं केलं, कोपरा चिमटीत धरला. हातात एकच पान आहे ना, हे अंगठ्याने तपासलं. ट्रेसची नजर कागदावरून हलली नाही, पण तिचा गुडघा ताठ झाला होता. फिनाने पान उलटलं. एकच. ट्रेस पुढच्या ओळीत अशी शिरली की मध्ये काही घडलंच नाही.

तिसऱ्या ओळीत, जिथे फिनाचा ओठ फुटला होता, तिथे ट्रेसने श्वास घेतला. फिनाने घेतला असता तिथेच.

बक्षीस पहिलं मिळालं. मातियू रडला, ट्रॉम्बोनवाले खुर्च्यांवर चढले, झेफला कुणीतरी उचलून धरलं. त्या गोंधळात फिना स्टँडवरचा कागद गोळा करायला गेली. समासात, पान उलटायच्या जागी, ताज्या पेन्सिलीने लिहिलं होतं: "उशीर केलास."

फिनाने दोऱ्याला बांधलेला खोडरबर हातात घेतला. मग सोडून दिला. पेन्सिल शोधली, टोक जिभेने ओलं केलं आणि त्याखाली नीट, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "तू घाई केलीस. शुक्रवारी बघते."